बाळ झोपले आहे

"बाळ झोपले आहे." हे वाक्य मी आमच्या दारातून दोनदा उच्चारले आणि दोन्ही वेळा बाळ जागे होते.

पहिल्या वेळी आमचा नातू साडेतीन महिन्यांचा होता, दुसऱ्या वेळी त्याला सहा महिने पूर्ण झाले होते. दाराशी गावातल्या आशाताई उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात वही. आत चटईवर तो उताणा पडलेला, डोळे उघडे, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. मी ताईंना पाणी दिले, चहाचे विचारले, दुकानातल्या गर्दीचे निमित्त सांगितले आणि त्यांना वाटेला लावले. नातू आता पाच वर्षांचा होईल. या काळात पुष्कळ शिकले, पुष्कळांची क्षमा मागितली. त्या दोन भेटींचा जमाखर्च मात्र अजून जुळलेला नाही. तो समाजातील बंधुभगिनींसमोर मांडावा, असे गेल्या पर्युषणापासून मनात होते.

आंजी (मोठी) हे आमचे गाव वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी येथे किराणा व धान्याचे दुकान घातले. घरात मारवाडी, गादीवर वऱ्हाडी आणि लिहिण्यावाचण्यात मराठी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. गाव लहान असले तरी आरोग्याच्या बाबतीत अडाणी म्हणावे असे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथेच आहे. तिथली शिकाऊ डॉक्टर मुलेमुली आमच्या दुकानातून बिस्किटे नेतात. २००३ पासून काही वर्षे त्याच संस्थेने ‘क्लिक्स’ नावाचा बालकांच्या जीवरक्षणाचा उपक्रम आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांच्या ६७ गावांत चालवला. गावोगावी समन्वय समित्या झाल्या, बायकांचे बचत गट झाले, मुलींच्या किशोरी पंचायती झाल्या. आमच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांच्या बैठका होत आणि चहा आमच्याकडून जाई. म्हणजे दिवा गावात होता. त्याखालचा अंधार आमच्या घरात होता.

सूनबाईचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. मूल जन्मल्याबरोबर रडले नाही. नऊ दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, मग सुखरूप घरी आणले, एवढेच आम्हांला फोनवर कळले आणि आम्ही पेढे वाटले. तिथून निघताना डॉक्टरांनी फाइल दिली होती आणि तीत स्वच्छ लिहिले होते की तीन महिन्यांनी विकासाच्या तपासणीसाठी बाळाला आणावे. सव्वा महिना झाला, आणखी दीड महिना लेकीचे लाड झाले, आणि तीन महिन्यांचे बाळ घेऊन सूनबाई आंजीला आली. बरोबर चांदीचा खुळखुळा, झबली, दुपटी, पाळणा, सर्वांना आहेर. आलेल्या प्रत्येक वस्तूची मी यादी करून ठेवली. फाइल त्या यादीत नव्हती. ती माहेरच्या कपाटातच राहिली होती. व्याह्यांना वाटले, आता सासरचे दाखवतील. आम्हांला वाटले, जे काही होते ते तिकडे दाखवून झाले असेल.

या जागी थोडे थांबते, कारण ही चूक एका घराची नाही. घरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची रीत आपल्याच विदर्भाने देशाला दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती उभी केली आणि पुढे ती आशाताईंच्या कामाचा भाग झाली. रुग्णालयात बाळंतपण झाले तर पहिल्या ४२ दिवसांत आशाने सहा वेळा घरी यायचे असते. २०१८ पासून त्यात आणखी पाच भेटींची भर पडली: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. पहिल्या सहा भेटी त्या गावात झाल्या, पुढच्या पाच या गावात व्हायच्या होत्या. बाळंतपण माहेरी आणि संगोपन सासरी ही आपली रीत प्रेमाची आहे, ती मोडावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण वहीत बाळाला एकच गाव असते. ज्या बाळाला जन्मतः त्रास झाला, त्याचे कागद दुपट्याच्या घडीत घालून पाठवावेत, एवढे तरी आपण विहीणबाईंना सांगू शकतो.

आता माझ्याकडे येते. रोज सकाळी तिळाच्या तेलाने मालिश मीच करीत असे. माझ्या हातून घरातली सहा मुले वाढली. कोणते अंग कसे लागते, हे हाताला पाठ होते. या बाळाचे अंग वेगळे लागत होते. मांड्या उघडता उघडत नसत. पाण्यात घातले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात. चौथ्या महिन्यातही मान एका बाजूला कलंडे. मुठीतला अंगठा मी बोटाने सोडवून तेल लावी आणि बोट काढताच तो पुन्हा आत जाई. सासूबाईंनी विचारले तेव्हा मी म्हणाले, अंगाने घट्ट आहे, बापावर गेला. मुलाने विचारले तेव्हा म्हणाले, तूही उशिराच बसलास. हे म्हणताना मला खोटे बोलत असल्यासारखे वाटत नव्हते. हाताला कळलेले तोंडापर्यंत येऊ द्यायचे नाही, असे मनाने परस्पर ठरवून टाकले होते.

त्याचे कारणही होते. ते लिहिताना संकोच होतो; पण ते वगळले तर या लेखाला अर्थ नाही. त्याच सुमारास माझ्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. तिचा परिचय याच मासिकाच्या मागच्या पानांवर छापून आला होता: गोत्र, शिक्षण, उंची, वडिलांचा व्यवसाय. त्या चौकटीत लिहिलेले नसते, पण दोन्हीकडचे लोक जे पहिले शोधतात, ते म्हणजे घरात काही आहे का. सरकारी माणूस वही घेऊन दारात आला, बाळाचे नाव कुठल्याशा यादीत गेले, गावभर झाले, आणि वर्ध्याच्या एखाद्या मावशीने ते पुढे पोचवले, तर? मी बाळ झोपवले ते एवढ्यासाठी.

आशाताई तिसऱ्यांदा दारात आल्या नाहीत. त्या गिऱ्हाईक म्हणून आल्या. बाळ आठ महिन्यांचे असेल. संध्याकाळी मी त्याला मांडीवर घेऊन गल्ल्याशेजारी बसले होते. ताईंनी पाव किलो साखर आणि चहापत्तीचा पुडा घेतला, पैसे मोजले आणि बाळाकडे पाहून हसल्या. त्याचा हात हातात घेतला. तो घट्ट मिटलेला अंगठा त्यांनी पाहिला, हे मी पाहिले. दुकानात पाचसहा माणसे होती, हे गादीवर होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. "सुंदर आहे जी बाळ," एवढे म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान बंद असते त्या वेळी, त्या मागच्या दाराने आल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून बसल्या. वही पिशवीतच होती. "काकीजी, तुमी रोज मालिश करता नं याले? मंग तुमालेच इचारते. तुमाले काय दिसते?"

काय चुकते आहे असे त्यांनी विचारले नाही. हे अजून का करत नाही, ते अजून का येत नाही, असेही नाही. त्याला कोणाचा आवाज आवडतो, भूक लागली तर कसे कळवतो, काय हाती दिले तर खूश होतो, एवढेच विचारीत गेल्या. मी सांगत गेले. तो पणजीचा आवाज ओळखतो. सकाळी तिच्या नवकाराचा आवाज आला की रडणे थांबवतो. तराजूच्या पारड्याचा आवाज झाला की मान वळवायला बघतो, वळत नाही, तरी बघतो. सांगता सांगता माझ्या लक्षात आले की माझ्या नातवाबद्दल मला किती माहीत आहे आणि त्यातले किती मी कोणालाच सांगितलेले नाही. मग मांड्यांचे सांगितले. मग कात्रीचे. सूनबाई ओट्याशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मम्मीजी, मला दोन महिन्यांपासून ठाऊक आहे. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

यावर आमच्यात जे बोलणे झाले ते लिहीत नाही.

अशा तऱ्हेने विचारणे ही एक अभ्यासलेली पद्धत आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. तुर्कस्तानात अंकारा विद्यापीठाच्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी लहान मुलांच्या विकासावर लक्ष ठेवण्यासाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तीत मुलापुढे ठोकळे मांडून परीक्षा घेत नाहीत, घरच्यांशी बोलतात. काही काळजी वाटते का, मूल आपले म्हणणे कसे सांगते, त्याला काय समजते, हातापायांनी काय करते, माणसांत कसे रमते, खेळते कसे. भारत, तुर्कस्तान, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका अशा चार देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की घरे, भाषा, जेवणे निराळी असूनही बहुतेक टप्पे मुले साधारण सारख्याच वयात गाठतात. म्हणून ‘आमच्याकडे मुले उशिराच बसतात’ या वाक्यात फारसा दम नाही. आपल्याकडे या कामात मुंबईची ‘उम्मीद’ ही संस्था होती, डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ती २००१ मध्ये सुरू केली. आशाताईंची रीत त्याच वळणाची होती. आधी घराला बोलते केले आणि मग केंद्राची वाट दाखवली.

केंद्रातून सेवाग्रामला गेलो. तपासण्या झाल्या आणि एक नाव मिळाले: सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या वेळी मेंदूला जी इजा झाली ती पुढे वाढत नाही, पण बरीही होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. वाढतात ते तिचे परिणाम. स्नायू ताठ राहिले तर आखडतात, सांधे सरकतात, आणि जो हात वापरलाच गेला नाही त्याला मेंदू विसरतो. उलट पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू ज्या वेगाने नवे धागे विणतो, तसा पुढे कधीच विणत नाही. म्हणून वाट पाहायची नाही. आजाराचे पक्के नाव ठरेपर्यंतही थांबायचे नाही, दिसले की लागायचे. मनात मी महिने मोजले. साडेतीन आणि आठ यांमध्ये साडेचार.

पुढे आम्हीही इतरांसारखेच केले. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. विद्वान गृहस्थ, भिंतभर प्रमाणपत्रे. त्यांनी दहा मिनिटांत सर्व सांगितले. मालिश ताबडतोब बंद करा, हे जुने प्रकार सोडा. मुलाला रोज एक अंडे आणि मेंदूसाठी माशाच्या तेलाचे थेंब द्या. घरात मारवाडी-मराठी असा गोंधळ नको, एकच भाषा ठेवा. आम्ही मान डोलावली, फी दिली, बाहेर आलो आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. सासूबाई गाडीत एवढेच म्हणाल्या, "त्यांनी आपल्याला विचारले नाही आपण कोण." आपल्या घरांत डॉक्टरांना नाही म्हणण्याची पद्धत नाही, हे आरोग्याच्या क्षेत्रातील मंडळींनी ध्यानात घ्यायला हवे. आपण हो म्हणतो आणि येणे बंद करतो. त्यात आमचे आणखी सात आठवडे गेले आणि दोष कोणाच्याच खात्यावर पडला नाही.

सेवाग्रामला परतलो. तिथे एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिने विचारले, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. मी सांगू लागले. मालिश ऐकताच तिचे डोळे चमकले. "रोज अर्धा तास? कोण करते? मग आपले निम्मे काम झाले." मालिश बंद झाली नाही, बदलली. पाय धरून उलटे टांगणे नाही, सांधे ओढणे नाही, नाकाकानात तेल नाही. हळू हात, मांड्या सावकाश उघडणे, थोडा वेळ पालथे ठेवून समोर पणजीने बसून बोलणे, म्हणजे तो मान उचलेल. दुकानातली तांदळाची अर्धी भरलेली गोणी धुतल्या चादरीत गुंडाळून छातीखाली उशी म्हणून दिली. भिंतीच्या कोपऱ्यात दोन्हीकडून तक्के लावून बसण्याची जागा केली. आणि कडेवर घेण्याचे पाहून ती म्हणाली, दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना ठेवून तुम्ही मूल कडेवर घेता ना, तेच करा, जितके घ्याल तितके घ्या. मांड्या उघड्या ठेवायला याहून चांगले साधन मी देऊ शकत नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्या कमरेवर मुले वागवून कपडे धूत आल्या, ती कंबर एकाएकी उपचाराच्या कामी आली.

जेवणाचा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे सासूबाईंचा चौविहार कडक, आणि सूर्यास्तानंतर घरातल्या लहानांनाही फारसे काही दिले जात नाही. या बाळाला चार चमचे भरवायला पाऊण तास लागे. आडवे पाडून भरवले की ठसका लागे. त्या मुलीने चौविहारावर प्रवचन दिले नाही. तिने हिवाळ्यात सूर्य कधी मावळतो ते विचारले. साडेपाचला? मग पावणेपाचला बसा. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून. मुगाची मऊ खिचडी, तिच्यात तूप, दाण्याचे कूट बारीक करून, केळे, दूध, ताक. अंड्याचे नावही निघाले नाही. रात्री औषध द्यावे लागले तर, असे तिने विचारले तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, त्याला व्रत नाही, व्रत मला आहे. हे त्या कोणाच्या दडपणाखाली म्हणाल्या असत्या असे मला वाटत नाही. भाषेबद्दल ती म्हणाली, तुमच्या तोंडी जी सहज येते तीत बोला. मुलाला भाषेची सवय माणसाच्या मायेतून लागते. म्हणून पणजी मारवाडीत बोलत राहिली, दुकान वऱ्हाडीत, आणि तो तिन्ही समजतो. बोलतो थोडे, जे बोलतो ते ज्याच्या त्याच्या भाषेत.

हात उघडायला सर्वांत जास्त काळ लागला. डाळी-कडधान्ये त्याच्या हाती द्यायची नाहीत, तोंडा-नाकात जातात, हे आधीच बजावलेले. आधी खोबऱ्याची वाटी, मग लिंबू, मग साबणाची वडी. तीन वर्षांचा झाल्यावर मात्र एक दिवस सासूबाईंनी पाटावर तांदूळ घेतले. रोजचा स्वस्तिक, त्यावर ज्ञान-दर्शन-चारित्र्याच्या तीन पुंजक्या, वर सिद्धशिलेची चंद्रकोर. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला, मुठीत तांदूळ दिले आणि ते सांडू दिले. पहिले काही महिने ते नुसते सांडत. फिजिओथेरपिस्टला व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, बोटे एकेक करून उघडण्याचा हाच तर व्यायाम मी सांगणार होते. आता तीनपैकी दोन पुंजक्या त्याच्या असतात. वाकड्या असतात.

कर्माचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. घरात पहिल्या दिवसापासून तो होता. सासूबाई म्हणत, पूर्वकर्माचा उदय. माझा मुलगा, सुशिक्षित, यावर चिडे. आशाताई कधी चिडल्या नाहीत. "कर्माचं मले समजत नाही काकीजी, पण हात उघडू शकते, येवढं समजते," असे म्हणून त्या पुढे सरकत. मला स्वतःला हा गुंता स्वाध्यायातच सुटत गेला. शास्त्राने कर्माचा उदय सांगितला तसा क्षयोपशमही सांगितला. आणि पुरुषार्थाला कुठेच सुट्टी दिलेली नाही. ‘कर्म’ म्हणून हात बांधून बसणे ही आपल्या सोयीची अर्धी पोथी आहे. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य हे एक तप. त्याचा अर्थ आपण साधु-साध्वींची सेवा एवढाच धरून बसलो आहोत. ८४ वर्षांची एक बाई गुडघे दुखत असता रोज पाऊण तास चटईवर पालथी होऊन पणतवाशी डोळ्याला डोळा लावून बोलते, याला दुसरे काय म्हणावे? त्यांना मी हे म्हणून दाखवले तेव्हा त्या रागावल्या. तप म्हणू नकोस, म्हणाल्या, मला आवडते म्हणून करते.

दानाविषयीही एक बोलायचे आहे, वाचकांनी राग मानू नये. अपंगांसाठी आपल्या समाजाने थोडे केलेले नाही. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये स्थापन झाली आणि जयपूर फूट जगभर पोचला, श्री. डी. आर. मेहता यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपल्या गावोगावच्या मंडळांची शिबिरे होतात, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, छायाचित्रे छापून येतात. पण पाय गमावलेल्या प्रौढाला पाय देता येतो. एक वर्षाच्या मुलाला देण्यासारखी वस्तूच नसते. त्याला लागतात ते दर आठवड्याचे बसभाडे, आईची सुटलेली मजुरी, सांगणारे माणूस आणि रोजचा तास. याचे छायाचित्र निघत नाही. आमच्या मंडळात मी हे मांडले. दोघींनी महिन्याचे बसभाडे सुरू केले, गावातल्या दोन शेतमजूर कुटुंबांसाठी. बाकीच्यांनी सायकलीच ठेवल्या. तीही गरज आहेच.

शासनाचे कार्यक्रम मी येथे थोडक्यात लिहिते, कारण आपल्या लोकांना ते ‘आपल्यासाठी नाहीत’ असे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि विकासातील विलंब तपासते, आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. आपली मुले अंगणवाडीत जात नाहीत, म्हणून ती या तपासणीत सापडतही नाहीत. दिव्यांगत्वाच्या दाखल्याला आमच्या ह्यांचा दीड वर्ष विरोध होता. गावभराची नावे उधारीच्या वहीत बाळगणाऱ्या माणसाला नातवाचे नाव एका सरकारी वहीत नको होते. पण दाखल्याशिवाय राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना मिळत नाही, आणि तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च निघतो, त्यात थेरपीही येते. हिशेब कळल्यावर हे स्वतः रांगेत उभे राहिले. २०१६ च्या कायद्यात आता २१ प्रकार मोजले जातात, हे मला त्यांनीच येऊन सांगितले.

आणि मुलीची सोयरीक. पहिल्या मंडळींना मधल्या माणसाकडून कळले आणि त्यांचे फोन थांबले. दुसऱ्या वेळी मुलाकडची मंडळी पाहायला आली तेव्हा मी नातवाला आतल्या खोलीत नेले होते, सवयच ती. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत गेली आणि भाच्याला कडेवर घेऊन बाहेर आली. दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना, शिकवल्याप्रमाणे. "हा माझा भाचा. याला चालायला वेळ लागणार आहे," म्हणाली आणि बसली. खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. तिथे लग्न जमले नाही. पत्रिकेचे कारण सांगितले, खरेही असेल. पुढच्या वर्षी दुसरीकडे जमले. जावईबापूंना नातू ‘मामा’ म्हणतो. फुफाजी म्हणायला हवे, पण तो शब्द त्याला अवघड जातो.

आता तो वॉकर धरून गल्ल्यापासून दारापर्यंत जातो. सकाळी अंगणवाडीत, दुपारी चटईवर, संध्याकाळी दुकानात. बसायला गादीचा कोपरा आणि कामाला साबणाचे कपाट. गिऱ्हाइके त्याला नावाने हाक मारतात. कोणी घाईत असले तर हे स्वतः वडी काढून देतात. मग तो रुसतो.

परवा आशाताई आल्या होत्या. चहापत्तीचा पुडा मागितला. हे उठू लागले तेव्हा मी खूण करून बसवले. पुडा खालच्या फळीवर होता. तो एका हाताने वॉकर धरून वाकला, पहिल्यांदा बिस्किटांना हात लागला, मग पुड्याला, मग पुडा निसटला. मागे तीन गिऱ्हाइके उभी होती, बाहेर एकाची मोटारसायकल चालूच होती. ताई पैसे हातात घेऊन उभ्या राहिल्या. तो पुन्हा वाकला.